त्या दोन सेकंदांचं काय करायचं?

"मॅडम, पडायच्या आधी मी बरी बसत होते. आता घोड्याजवळ नुसतं उभं राहिलं तरी पोटात गोळा येतो. माझं वय झालं का? सोडून देऊ का आता?"

समोरची बाई त्रेचाळीस वर्षांची, नागपुरात सीताबर्डीच्या एका बँकेत अधिकारी. धरमपेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत ती जूनच्या शेवटी पहिल्यांदा आली. असाच प्रश्न मला स्कूटीवरून घसरलेल्यांनी विचारलाय, पोहताना नाकातोंडात पाणी गेलेल्यांनी विचारलाय. उत्तराचा गाभा बराचसा एकच असतो, पण घोड्याच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी आहे. स्कूटीला तुमची भीती कळत नाही, घोड्याला कळते. म्हणून ही हकिगत सविस्तर लिहिते आहे, तिची परवानगी घेऊन आणि ओळख लागणार नाही इतके तपशील बदलून.

२०२३ च्या सप्टेंबरात हांगझोऊच्या आशियाई खेळांत अनुष अगरवाला, हृदय छेडा, सुदिप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंग यांच्या संघानं ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली डौलात करून घेण्याच्या प्रकारात, सुवर्णपदक घेतलं. घोडेस्वारीतलं आपलं सुवर्ण १९८२ नंतर, म्हणजे तब्बल ४१ वर्षांनी. ती बातमी हिनं जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर पाहिली. "त्यातली सुदिप्ती इंदूरची, म्हणजे आपल्या शेजारचीच," ती मला म्हणाली. "लहानपणी मी घोडा मागायची, तर तान्ह्या पोळ्याला चाकाचा लाकडी बैल मिळायचा. त्या दिवशी वाटलं, आता नाही तर कधी?" डिसेंबरात तिनं काटोल रोडच्या बाजूला एका छोट्या तबेल्यात नाव घातलं. शनिवार-रविवार पहाटे जायची. वर्षभरात वॉक म्हणजे साधी चाल पक्की झाली, ट्रॉट म्हणजे दुडकी चाल जमू लागली, त्याहून वेगाचा कॅंटर दोन-चारदा करून पाहिला.

सव्वा वर्षानं, फेब्रुवारीत, कुंपणाला बांधलेली ताडपत्री वाऱ्यानं फडफडली आणि तिचा घोडा, बादल, बुजला. उजवीकडे झटकन वळला, हिची डावी रिकीब, म्हणजे पाय ठेवायची कडी, सुटली, ही डावीकडून खाली. मनगटाचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

त्यानंतर तबेल्यात गेलीच नाही असं नाही. जायची, गूळ द्यायची आणि परतायची. एप्रिल-मे मध्ये ऊन होतं, जूनमध्ये चिखल झाला, मध्येच ऑडिट आलं. नागपूरचा प्रत्येक ऋतू न बसायला एक चांगलं कारण देतो, आणि त्यातलं एकही कारण खोटं नसतं. म्हणूनच टाळणं ओळखू येत नाही. "आज नको" म्हटलं की छातीवरचं ओझं लगेच उतरतं. त्या उतरण्याची मनाला चटक लागते आणि पुढच्या वेळी "आज नको" आणखी लवकर तोंडात येतं. भीती वाढते ती अशी, पडून एकदाच आणि टाळून दर आठवड्याला.

घरचे म्हणत होते, "झाली ना हौस? या वयात हाडं जुळत नाहीत लवकर." तबेल्यातल्या मैत्रिणी म्हणत होत्या, "पडलं की लगेच परत बसायचं असतं, तू उशीर केलास." मला दोन्ही सल्ले पटत नाहीत. मोडक्या मनगटानं कोण लगाम धरणार? आणि भीती अंगात गच्च असताना कुणाच्या तरी आग्रहाखातर बसलं, तर शरीर एवढंच शिकतं की इथे माझं कुणी ऐकत नाही.

मी आधी साध्या गोष्टी विचारल्या. डोक्याला मार लागला होता का? चक्कर, उलटी? डॉक्टरांनी मनगटाला पूर्ण परवानगी दिली का? हेल्मेट तेच आहे का? हेल्मेट तेच होतं, बाहेरून चांगलं दिसत होतं. पण आतला थर एकदाच मार झेलण्यासाठी असतो. जोराचा आपट बसल्यावर ते बदलायलाच हवं. हेही समुपदेशनच आहे असं मी मानते. कधी कधी भीती खरं बोलत असते. घोडा आपल्या बेताचा नाही, तंग म्हणजे खोगिराचा पट्टा ढिला आहे, पायात टाचेचे बूट नाहीत, शिकवणारा नुसता ओरडतो, अशा ठिकाणी भीती वाटणं हे शहाणपण आहे. तिच्यावर उपचार करायचे नसतात, तिचं ऐकायचं असतं. रात्री झोप लागत नसेल, तो प्रसंग जागेपणी पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येत असेल आणि महिना उलटूनही कमी होत नसेल, तर तबेल्याआधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवं. हिच्या बाबतीत तसं नव्हतं.

मग विचारलं, "भीती नक्की कशाची?"

"पडण्याची."

"पडण्यातल्या कशाची? आपटण्याची, दुखण्याची, लोकांनी पाहण्याची?"

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "नाही. जमिनीवर पडल्यावर उलट बरं वाटलं होतं, झालं एकदाचं. भीती आहे ती त्या आधीच्या दोन सेकंदांची. तो वळला आणि मला काय करायचं तेच माहीत नव्हतं. मी नुसती धरून बसले."

इतकं नेमकं उत्तर मला क्वचितच मिळतं. "आत्मविश्वास गेला" या मोठ्या शब्दाखाली दोनच सेकंद होते, आणि त्या दोन सेकंदांत हातांना काम नव्हतं. याचा अर्धा भाग आठवणीचा होता, त्यावर मी काम करू शकत होते. अर्धा भाग सरळसरळ न शिकलेल्या कौशल्याचा होता, तो तबेल्यातच शिकावा लागणार होता. कौशल्याची उणीव नुसत्या दिलाशानं भरत नाही.

मला घोड्यांतलं काही कळत नव्हतं, म्हणून एका रविवारी पहाटे तिच्याबरोबर गेले. घोड्यांची देखभाल करणाऱ्या सईसकाकांनी बादलला धरून ठेवलं होतं. ती ओट्यावर चढून खोगिरात बसली आणि मी तिच्याकडे पाहत राहिले. बसता क्षणी खांदे कानांकडे गेले, गुडघे खोगिराला चिमट्यासारखे आवळले, नजर घोड्याच्या मानेवरून खाली मातीत, आणि श्वास बंद. बादलनं दोन्ही कान मागे तिच्याकडे वळवले, मान उंच केली, आणि जागच्या जागी पाय बदलू लागला. एरवी हा घोडा अर्धा झोपेत असतो म्हणे.

"ताई, तुम्ही श्वास रोकता न, तं त्याले वाटते काही तरी येऊन राह्यलं," सईसकाका म्हणाले. "तो तुमच्याकडून खबर घेते जी. तुम्ही म्हणान पळ, तं पळन."

चाळीस वर्षं घोड्यांत घालवलेल्या माणसाचं हे बोलणं २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका स्वीडिश प्रयोगाशी तंतोतंत जुळतं. त्यात माणसांनी घोडा हातात धरून किंवा त्यावर बसून ठरलेलं अंतर चार वेळा पार केलं. चौथ्या फेरीआधी त्यांना सांगितलं, या वेळी वाटेत छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि घोड्याचेही. घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे. डोळे दोन्ही बाजूंना, अगदी नाकापुढची आणि शेपटीमागची जागा सोडली तर त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं, आणि सोबतचा घाबरला की आधी पळायचं, मग विचार करायचा. पाठीवर बसलेला माणूस त्याच्या लेखी सोबतीच असतो. पुढे झुकणं, पाय आवळणं आणि लगाम ओढून धरणं हे भ्यालेल्या माणसाचं आसन घोड्याला "निघ" असंच ऐकू येतं.

आपल्या भाषेत याला सुंदर शब्द आहे, मांड. मांड पक्की म्हणजे पकड घट्ट असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात गुडघे आवळले की बैठक वर उचलली जाते आणि माणूस अधिक सहज फेकला जातो. कान, खांदा, कंबर, टाच एका रेषेत, वजन टाचेत उतरलेलं, नजर जायचं तिकडे, ही मांड. आणि ती श्वास सोडल्याशिवाय बसत नाही.

परतल्यावर वहीत पायऱ्या लिहिल्या. प्रत्येक पायरीला भीतीचा शून्य ते दहा आकडा. भीतीला पायरीपायरीनं सामोरं जाण्याची, मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वोल्पे यांनी १९५० च्या दशकात मांडलेली ही जुनी पद्धत, अजूनही उपयोगी. इथे मी एक चूक केली. मला ती घोड्यावर बसलेली दिसली होती, म्हणून "बसणं" ही दुसरीच पायरी ठेवली. दोन रविवार ती बसली, दोन्ही वेळा आकडा आठवर राहिला, तिसऱ्या रविवारी ती गेलीच नाही. मी तिची माफी मागितली आणि आम्ही पान फाडून नव्यानं सुरुवात केली.

नवी पहिली पायरी होती खरारा, म्हणजे घोड्याचं अंग ब्रशनं घासणं. नुसता खरारा करायचा, बसायचं नाही. मानेपासून मागे, लांब हातानं, बादलच्या श्वासाबरोबर आपला श्वास. खूर उचलून साफ करायचे. मग दोरी धरून मैदानात फिरवायचं, थांबायचं, वळायचं, त्याच ताडपत्रीजवळून आधी डाव्या अंगानं आणि मग उजव्या, कारण एका बाजूनं ओळखीची झालेली वस्तू दुसऱ्या बाजूनं घोड्याला नवी वाटू शकते. या पायरीवर तिनं पाच आठवडे काढले. घाई केली नाही हे तिचं मोठेपण. तिच्या आईनं मध्येच विचारलं होतं, "भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला?" उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे, फिरवला नाही म्हणून. आईला टोमणा मारायचा होता की नाही कोण जाणे, पण मुलीनं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

नियम दोनच होते: आकडा तीन-चारवर आल्याशिवाय वरची पायरी नाही, आणि आकडा चढलेला असताना पळून उतरायचं नाही. थोडा खाली येईपर्यंत थांबायचं, मग उतरायचं. नुसतं बसणं, काका धरून. मग लंजवर, म्हणजे शिकवणारा लांब दोरीनं घोडा गोल फिरवतो आणि स्वाराला लगामाची चिंताच नसते. हात कमरेवर, हात वर, डोळे क्षणभर मिटून. तंग बसण्याआधी तपासायचा आणि पाच मिनिटांनी पुन्हा, कारण पुष्कळ घोडे कसताना पोट फुगवून ठेवतात.

ट्रॉटवर गाडं अडलं. दुडकीत श्वास पुन्हा बंद पडायचा. "श्वास घ्या" असं सांगून कुणीच श्वास घेत नाही. मी म्हटलं, मोठ्यानं काहीतरी म्हणा. तिनं बेचा पाढा निवडला. दुडकी चाल दोन ठोक्यांची, तिरक्या जोडीचे पाय एकत्र पडतात. त्यावर उठ-बस करत "बे एके बे, बे दुणे चार". पाढा म्हणताना श्वास रोखता येत नाही, आणि ताल आपोआप सापडतो. मैदानभर ऐकू जायचं. काका तेराचा पाढा मागायचे.

आणि मग ते दोन सेकंद. मी तिच्या शिकवणाऱ्याशी बोलले आणि दोन गोष्टी तिला मुद्दाम शिकवायला सांगितल्या. पहिली, एका लगामानं थांबवणं: एक लगाम आखडता घेऊन घोड्याचं तोंड हळूहळू आपल्या गुडघ्याकडे आणायचं, म्हणजे मागचे पाय बाजूला टाकावे लागतात आणि पुढे धावण्याचा जोर तुटतो. आधी उभ्या घोड्यावर, मग वॉकमध्ये, दोन्ही बाजूंनी, कितीतरी वेळा. वेगात असताना एकदम झटका द्यायचा नाही, घोडा तोल जाऊन पडू शकतो. दुसरी, ठरवून उतरणं: दोन्ही पाय रिकिबीतून सोडायचे, मानेवर हात, उजवा पाय मागून वर काढून खाली, गुडघे वाकवून. आधी उभ्या घोड्यावरून, नंतर वॉकमध्ये. माझ्या खोलीत आम्ही तेच डोळे मिटून करायचो. ताडपत्री फडफडते, तो वळतो, तू काय करतेस? ती हवेत डावा हात आखडायची, श्वास सोडायची, नजर वर. पूर्वी तिच्या मनात ते चित्र पडण्यावर संपायचं. आता त्यात मधे काम होतं.

दसऱ्याला तबेल्यात घोड्यांची पूजा झाली. तिनं बादलच्या गळ्यात झेंडूची माळ घातली आणि मला फोटो पाठवला. मागे तीच ताडपत्री होती.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी, थंडी नुकती पडू लागली होती, तिचा फोन आला. आवाज चढलेला होता. ट्रॉट चालू असताना रस्त्यावरून लग्नाच्या वरातीचा बँड गेला. बादल बुजला, बाजूला उडी मारली. "रिकीब सुटली माझी. पण हात आधी गेला, मॅडम. मी विचार केलाच नाही. त्याला वळवला, दोन गोल घेतले आणि थांबला तो."

"आकडा?"

"नऊ. मग बँड जाईपर्यंत तिथेच उभी राहिले त्याच्यावर. पाच. मग उतरले, हात थरथरत होते, काकांनी पाणी दिलं. परत बसले नाही आज. चालेल ना?"

चालेल, मी म्हटलं.

पुढच्या भेटीला तिनं वही आणली. मनगट थंडीत अजून दुखतं, घरी अजून कुरबुर असते, हे सगळं बोलून झालं. निघताना तिनं कोरं पान उघडून माझ्यासमोर धरलं. वर लिहिलं होतं, "कॅंटर: आकडा आठ." आणि त्याखाली, पहिल्या पायरीच्या जागी, "खरारा".