डॅमरेज कोणाच्या बोकांडी?

वाचक विचारतात, निवृत्त मालबाबू सांगतात

प्रश्न : काका, आमची बारा जणांची टोळी आहे. नाशिक जिल्ह्यात रेल्वेच्या एका मालधक्क्यावर सिमेंट उतरवतो. धक्क्याचं नाव छापू नका. रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, कधी लागेल याचा काही नेम नसतो. मुकादमाचा फोन येतो, संध्याकाळी सातला या. आम्ही सातला हजर, रेक लागतो पहाटे तीनला. त्या आठ तासांचा एक रुपया मिळत नाही. गेल्या पावसात ट्रक वेळेवर आले नाहीत, वाघिणी (मालडबे) रिकाम्या व्हायला उशीर झाला, तर ठेकेदाराने डॅमरेज म्हणून माणशी सहाशे रुपये कापले. रेल्वेच्या साहेबांकडे गेलो तर ते म्हणाले, तुम्ही आमचे नाहीत. मग आम्ही कोणाचे? — एक टोळीवाला

उत्तर : भाऊ, सहाशे रुपये कापले ते चूक आहे. हे आधी सांगून टाकतो, कारण बाकीचं जरा लांबेल.

डॅमरेज म्हणजे रेल्वेची वाघीण ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त अडकवून ठेवल्याचं शुल्क. रेक धक्क्याला लागला की रेल्वे माल उतरवायला ठरावीक तास फुकट देते. ते संपले की दर वाघिणीमागे तासाच्या हिशेबाने आकारणी सुरू होते. माल उतरला, पण धक्क्यावरच पडून राहिला, तर त्याचं वेगळं शुल्क लागतं. त्याला वारफेज म्हणतात. दोन्हीची पावती फाटते ती ज्याचा माल आहे त्या पार्टीच्या नावाने. तुमचं नाव त्या पावतीवर कुठेच नसतं. ट्रक बोलावणं पार्टीचं काम आणि पावसासारखं कारण असेल तर शुल्कमाफीचा अर्ज करणंही पार्टीचंच काम. ठेकेदाराने तो अर्ज करायला लावला होता का, हे त्याला चारचौघांत विचारा. मी खिडकीमागे बसायचो तेव्हा असे अर्ज येत, काही मंजूरही होत. पण टोळीचे पैसे कापणं सोपं, अर्ज लिहिणं कटकटीचं.

मजुरीतून काय काय कापता येतं ते कायद्याने ठरलेलं आहे. तुमच्या हलगर्जीपणामुळे नुकसान झालं असं कोणाला म्हणायचं असेल, तरी आधी तुम्हाला तुमची बाजू मांडू द्यावी लागते. तुम्हाला काही विचारलं होतं का? नाही ना.

आता ‘तुम्ही आमचे नाहीत’. साहेब खोटं बोलले नाहीत, पण अर्धंच बोलले. 1969 च्या महाराष्ट्र माथाडी कायद्याला एक अनुसूची जोडली आहे, कोणकोणत्या कामांना कायदा लागू आहे त्याची. त्यात रेल्वे यार्ड आणि मालधक्क्यावरची चढउतार, थप्पी, वजन ही कामं स्पष्ट लिहिली आहेत, आणि तीही रेल्वेने नोकरीत न ठेवलेल्या कामगारांची. म्हणजे तुमचीच! ठेकेदार किंवा पार्टी आणि तुमची टोळी, दोघांची नोंद माथाडी मंडळात व्हायला हवी. नोंद असली की मजुरी आणि वरची लेव्ही (मजुरीवर मालकाने भरायची जादा रक्कम) मंडळाकडे भरावी लागते, मजुरी मंडळामार्फत तुम्हाला मिळते आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान (ग्रॅच्युइटी), रजा यांची सोय होते. मुकादमाच्या मुठीतून नोटा घेण्याचा प्रश्नच उरत नाही. नाशिकचं मंडळ आहे, तिथे बाराही जण एकदम जा. एकटा गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी टोळीत नसतो, हे मी पाहिलेलं आहे.

ताटकळण्याबद्दल. मालगाडीला मेल-एक्स्प्रेससारखं पक्कं वेळापत्रक नसतं. भुसावळकडून येणारा रेक मनमाडला पोचला म्हणजे आलाच असं नाही. तिथे दौंडचा फाटा मिळतो, पुढे मुंबईची प्रवासी वाहतूक. आधी त्या गाड्या सोडायच्या, मग मालगाडीला वाट मिळायची. मधेच ड्रायव्हर-गार्डचे ड्युटीचे तास संपले तर बदली माणूस येईपर्यंत रेक उभा. मुंबईकडून येणाऱ्याला तर कसाऱ्याचा घाट चढायचा असतो, 37 फुटांत एक फूट चढ, मागून बँकर इंजिनं लावून. तेव्हा उशीर होणारच. पण तो उशीर तुम्ही धक्क्यावर का काढायचा?

एक करा. रेकने येणाऱ्या मालाच्या पाठवणीला 11 आकडी एफएनआर नंबर असतो. तो पार्टीकडे असतो. मालवाहतुकीच्या एफओआयएस संकेतस्थळावर तो टाकला की रेक कुठे आहे ते दिसतं. टोळीतल्या तरण्या पोराच्या मोबाइलवर हे एका मिनिटात होतं. मुकादमाने सातला बोलावलं की नंबर मागा. गाडी अजून भुसावळलाच असेल तर घरी जेवा, झोपा.

आणि एक दोनशे पानी वही घ्या. माझ्या टेबलावर जाड रजिस्टर असायचं. रेक लागला की घड्याळ बघून वेळ लिहायची, रिकामा झाला की पुन्हा लिहायची, मिनिटासकट. खिडकीतून समोर टोळी दिसायची. सिमेंटचे रिकामे कट्टे अंथरून, बूट उशाला घेऊन झोपलेली. रजिस्टरात त्यांच्यासाठी रकाना नव्हता, आणि इतक्या वर्षांत मलाही तो आठवला नाही, हे कबूल करतो. तुमच्या वहीत तुम्ही तो आखा : किती वाजता बोलावलं, किती वाजता आलो, रेक किती वाजता लागला, ट्रक किती वाजता आले. खाली बारा सह्या किंवा अंगठे. मंडळात बोलताना ही वही सगळ्यात आधी टेबलावर ठेवा. त्या पावसाच्या रात्रीची तारीख आठवत असेल तर सुरुवात तिथूनच.

प्रश्न : निफाडला ड्रायपोर्ट, म्हणजे कंटेनरचं कोरडं बंदर, होणार म्हणतात. सगळा माल कंटेनरमधून गेला तर माझ्या नवऱ्याच्या टोळीचं काय? — एक गृहिणी, नाशिकरोड

उत्तर : ताई, कंटेनरची मला एवढी धास्ती वाटत नाही. कांद्याच्या गोण्या कंटेनरमध्येही माणसंच रचतात. जेएनपीएच्या (न्हावाशेवा बंदरवाल्यांच्या) त्या ड्रायपोर्टच्या गप्पा मी नोकरीत असल्यापासून ऐकतोय. मला भीती आहे बल्करची, म्हणजे सुट्या सिमेंटच्या टँकरची. रेडिमिक्सच्या प्लांटला सिमेंट पोत्यातून लागतच नाही, टँकर येतो आणि पाइपने ओततो. पोतं गेलं की पोतं उचलणारा गेला. एकलहऱ्याच्या वीज केंद्राकडे बघा, कोळशाची भरलेली वाघीण यंत्र धरून उलटी करतं, तिथे टोळी लागत नाही. तुमच्या नवऱ्याची मंडळात नोंद आहे का, ते आजच रात्री विचारा. काम कमी व्हायच्या आत निधीचं खातं उघडलेलं बरं.

प्रश्न : युरियाची गोणी 50 किलोची होती, आता 45 ची. मुकादम म्हणतो ओझं कमी झालं, दर वाढवून काय मागता? — दोन शिलाई मारलेला

उत्तर : पहिलं विचारा, दर गोणीवर की टनावर. 2018 पासून गोणी 45 किलोची झाली. 100 टनांत आधी 2000 गोण्या निघायच्या, आता सव्वादोन हजारांच्या जवळ, 2222. दर टनावर असेल तर तेवढ्याच पैशांत तुम्ही सव्वादोनशे वेळा जास्त वाकताय. दर गोणीवर असेल तर मुकादमाशी भांडू नका, चहा पाजा त्याला.