चर्चतर्फे वस्तीतल्या गरीब मुलांसाठी मे महिन्यात क्रीडा शिबिर घ्यायचं आहे. खर्च किती येतो, परवानग्या काय लागतात आणि वचनपाठाला, म्हणजे बायबलमधली वचनं वाचायला आणि पाठ करायला, किती वेळ द्यावा?

खर्चाचं आणि परवानग्यांचं शेवटी सांगते, ते सोपं आहे. तुम्ही वचनपाठाचं विचारलंत म्हणून लिहायला बसले.

मी नगर जिल्ह्यात २६ वर्षं क्रीडाशिक्षिका होते. २०१२ च्या मे महिन्यात आमच्या मंडळीने, म्हणजे आमच्या चर्चने, पहिलं शिबिर घेतलं. दहा दिवस, सकाळी सहा ते साडेनऊ. खो-खो, कबड्डी, लंगडी आणि थोडं धावणं. ६४ मुलं आली, त्यातली निम्म्याहून जास्त ऊसतोड कामगारांची. दिवाळीच्या सुमाराला आईबापांबरोबर कारखान्याला गेलेली ही मुलं एप्रिलमध्ये गावी परततात. शाळा बुडालेली, टाचा फुटलेल्या, पण पळायला लागली की बघत राहावं. मुंबईहून कुणी बूट पाठवले होते. दुसऱ्या दिवशी एकाच्याही पायात दिसले नाहीत. सगळ्यांनी घरी जपून ठेवले होते.

त्यांच्यात एक अकरा वर्षांचा मुलगा होता. बसलेल्या गड्यांमधून अशी हूल देऊन निघायचा की पाठलाग करणारा उगाच पुढे धावत जायचा. तिसऱ्या दिवशी अडीच मिनिटं तो कुणाच्या हाती लागला नाही. हे त्याला मी शिकवलं नव्हतं, कुणीच शिकवलं नव्हतं. मी शिट्टी तोंडात धरून नुसती उभी होते.

खेळ संपला की जेवण असायचं. खिचडी, उकडलेलं अंडं, केळं. चर्चचा कारभार बघणाऱ्या आमच्या पंच कमिटीतल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी नियम केला होता की रांगेत पुढे येणाऱ्याने आदल्या दिवशीचं वचन म्हणून दाखवायचं, मग ताट घ्यायचं. त्या दिवशी बायबलमधलं योहान ३:१६ हे वचन होतं. आमच्या घरची पोरं ते पाळण्यात असल्यापासून ऐकतात. या मुलाची पाळी आली. पहिले दोन शब्द म्हणून तो थांबला. फळ्याकडे बघ म्हणाले, तर फळ्याकडेही बघेना, कारण त्याला वाचता येत नव्हतं. ‘मागे जा, पाठ करून ये,’ असं त्याला सांगितलं. तो मागे गेला, रांगेच्या शेवटाला थोडा वेळ उभा राहिला आणि मग फाटकातून निघून गेला. मी खिचडी वाढत होते. मला सगळं दिसलं. मी काही बोलले नाही.

दुपारी डोक्यावर पदर घेऊन त्याच्या वस्तीवर गेले. तो उंबऱ्यातच बसला होता. मी जेवणाचं काढलं तशी आई म्हणाली, “बाई, जेवूनच आलाय की तुमच्याकडनं. अंडं बी व्हतं म्हणला.” पोरगं मान वर करेना. मी म्हटलं, “हो, पोटभर जेवला.” आयुष्यात थोडंबहुत खोटं सगळेच बोलतात, पण ते वाक्य माझ्या घशात अजून आहे.

संध्याकाळी मी त्या गृहस्थांच्या घरी गेले. तासभर वाद झाला. ते म्हणाले, फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही, आणि आपण काय नुसते खेळ घेणारे क्लबवाले आहोत का? मग त्यांनी एरिक लिडेल या स्कॉटिश धावपटूचं उदाहरण दिलं. हे उदाहरण आमच्याकडे शाब्बाथ शाळेतल्या, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेतल्या, प्रत्येक मुलाला सांगितलं जातं. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती आणि रविवार देवाचा, म्हणून तो धावला नाही, आणि मग चारशे मीटरमध्ये ४७.६ सेकंदांचा विक्रम करून सुवर्णपदक घेतलं. “तत्त्व म्हणजे तत्त्व, बाई,” असं म्हणून त्यांनी विषय संपवला. मला उत्तर सुचलं नाही.

उत्तर दोन वर्षांनी सापडलं, आणि तेव्हा ते गाव सोडून लेकाकडे गेले होते. म्हणून इथे लिहिते. लिडेल पुढे चीनमध्ये मिशनरी झाला. युद्धात जपान्यांनी त्याला शांतुंग प्रांतातल्या वेइशियानच्या छावणीत ठेवलं. तिथे आईबापांपासून तुटलेली शाळकरी मुलं होती. तो त्यांना शिकवायचा, त्यांचे खेळ घ्यायचा, पण रविवारी नाही. मग रविवारी मुलांनी आपले आपण हॉकीचे सामने लावले, पंच नाही म्हणून मारामाऱ्या झाल्या, आणि पुढच्या रविवारी लिडेल स्वतः पंच म्हणून मैदानात उभा राहिला. स्वतःच्या पदकासाठी जो रविवारी धावला नाही, तो दुसऱ्याच्या पोरांसाठी रविवारी मैदानात उतरला. १९४५ च्या फेब्रुवारीत त्याच छावणीत मेंदूतल्या गाठीने तो गेला. आपली मंडळी पॅरिसपाशी थांबतात, पुढचं सांगतच नाहीत.

आणि लिडेलचं तरी कशाला? पाच भाकरी आणि दोन मासे घेऊन पाच हजारांना बसवलं, तेव्हा प्रभू येशूने कुणाकडून पाठांतर करून घेतलं होतं?

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: वचनाला दहा मिनिटं द्या, पण ताटाच्या आणि मुलाच्या मध्ये काही ठेवू नका. पाठांतर नको, हजेरीचं बक्षीस नको, ‘येशूला स्वीकारतो म्हणून कितीजणांनी हात वर केला’ हा आकडा देणगीदाराला कळवणं तर अजिबात नको. दुसऱ्या वर्षापासून मी शाळेच्या मैदानावर वेगळं शिबिर घ्यायला लागले. साडेपाचला पोहे किंवा उपमा, सहाला शिट्टी, जेवण शेवटी, आणि वचन ज्याला बसायचं त्याच्यासाठी झाडाखाली. तो मुलगा आला, सहा वर्षं येत राहिला. आता स्वतः कोयता घेऊन जातो, पण मेमध्ये गावी असला की पंच म्हणून उभा राहतो. मंडळीत अजूनही काहीजण माझ्या शिबिराला ‘नुसते खेळ’ म्हणतात. म्हणोत.

हे वाचून मी वचनाच्या विरुद्ध आहे असं समजू नका. सकाळी मुलांबरोबर हात जोडल्याशिवाय मी स्वतः मैदानात पाऊल टाकत नाही. त्या गृहस्थांबद्दलही एक सांगायला हवं: पहिल्या शिबिराच्या अंड्यांचे सगळे पैसे त्यांनी खिशातून दिले होते.

आता खर्च. २०२३ मध्ये आम्हाला नाश्ता आणि जेवण धरून मुलामागे रोज ९० रुपये पडले, म्हणजे ६४ मुलांचे दहा दिवसांचे साधारण ५८,०००. मैदान शाळेचं असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीची लेखी परवानगी घ्या, ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला पत्र द्या. पालकांच्या संमतीच्या कागदावर प्रार्थनेचा आणि वचनाचा वेगळा रकाना ठेवा, आणि तो वाचून दाखवून मगच अंगठा घ्या. संविधानाच्या कलम २८ मध्ये मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळांसाठी हेच सांगितलंय: पालकाच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. तुमचं शिबिर शाळा नसेल, तरी तेवढं पाळा. ‘नाही’ लिहिणाऱ्याच्या मुलालाही तेच ताट.

कुठलाही स्वयंसेवक एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत नको, गाडीवरही नको. आपल्या मंडळीतला आहे म्हणून सूट देऊ नका. काही गैर कळलं तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या, कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, पंच कमिटीत मिटवायचं नसतं. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर फळ्यावर मोठा लिहा. निवासी शिबिर पहिल्या वर्षी घेऊच नका.

साडेनऊनंतर मैदानात कुणी नको, आपल्याकडच्या उन्हात मूल केव्हा कोसळेल सांगता येत नाही. दर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून बादलीभर तयार ठेवा. चमचा चहाचा घ्या.

स्वयंपाकाला वस्तीतल्याच दोघी आया घ्या आणि त्यांना रोजच्या रोज मजुरी द्या. सेवा म्हणून फुकट राबवू नका, त्या दिवसाचा त्यांचा रोज बुडालेला असतो.