गुन्हा कोण ठरवतं? नव्याने अभ्यास सुरू करणाऱ्यासाठी

व्याख्या पाठ करत बसू नकोस, मीही त्यात सहा महिने घालवले. आधी एकच कायदा धर: १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा. पारध्याच्या घरी जन्मलं की झाला संशयित! हजेरी द्यायची, गाव सोडायला परवाना. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. त्या भागाला लोक अजून ‘सेटलमेंट’च म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ला कायदा गेला, शिक्का राहिला.

नवखे हमखास इथे चुकतात:
- रूढी मोडणं आणि गुन्हा एकच समजतात. व्यभिचार २०१८पर्यंत गुन्हा होता, आता नाही. नावं ठेवणारे आहेतच.
- पोलिसांत नोंदले तेवढेच गुन्हे घडले, असं धरतात.

सिद्धांत नंतर. आधी जुने कायदे मुळातून वाच.