पायांचे प्रश्न : पुणे ते सासवड, एकच दिवस

*(लेखिका जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्तीनंतर दर वर्षी वारीत चालतात.)*

प्रश्न : मी ५३ वर्षांची, नोकरी करते. पूर्ण वारीइतकी रजा मिळणार नाही, म्हणून माउलींच्या पालखीबरोबर फक्त पुणे ते सासवड चालायचं ठरवलंय. मैत्रीण म्हणते, दिवे घाट चढू, फोटो काढू आणि परत फिरू. मला मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. त्या दिवशी एकादशी असते म्हणे, तर उपासही धरायची इच्छा आहे. कुठल्या दिंडीत नाव नाही. जमेल का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जमेल हो ताई. पण तुम्ही निवडलाय तो सबंध वाटेवरचा सगळ्यात लांब टप्पा, बत्तीसेक किलोमीटरचा. पुण्याला जवळ पडतो म्हणून सगळे नवखे नेमका हाच दिवस उचलतात. मीही तेच केलं होतं.

आधी उपासाचं बोलू. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान, मग पुण्यातला मुक्काम, आणि पुणं सोडायचा दिवस बहुतेक वर्षी योगिनी एकादशीचा. म्हणजे सगळ्यात लांब चाल आणि तीही उपासाची. जुन्या वारकऱ्यांना त्याचं काही वाटत नाही. तुम्ही मात्र गोळ्यांवर आहात. काही गोळ्या उपाशीपोटी साखर एकदम खाली आणतात. तेव्हा निघायच्या पंधरा दिवस आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा, त्या दिवशी गोळी किती नि केव्हा घ्यायची ते. ते ‘उपास नको’ म्हणाले तर सरळ पोळी-भाजी बांधून घ्या. उपासाला हो म्हणाले तरी निर्जळी नको. वाटेत जागोजागी साबुदाण्याची खिचडी वाटतात, पण ती तेलकट असते. पोट जड होतं आणि ऐन घाटात तहान लागते. मी उकडलेलं रताळं, राजगिऱ्याचे लाडू आणि केळी नेते. हात थरथरले, घाम सुटला, तर घाट-बीट बघू नका, जागेवर बसा आणि साखर तोंडात टाका. साखरेची पुडी पिशवीत नव्हे, कमरेला हवी. का ते शेवटी कळेल.

पाण्याचं आणखी एक, जे बायका विचारत नाहीत. फिरती स्वच्छतागृहं असतात, पण रांगा लांब. म्हणून कितीतरी जणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. दवाखान्यात असताना वारी संपली की लघवीला जळजळ होते म्हणून येणाऱ्या बायका मी ओळीनं पाहिल्यात. रांगेत उभं राहायला लागलं तरी चालेल, पाणी प्या.

पालखी भवानी पेठेतून सकाळी सहाच्या सुमारास हलते. शिंदे छत्रीपाशी आरती होते, मग हडपसरचा विसावा. इथून तुकोबारायांची पालखी लोणी काळभोरकडे जाते आणि माउली उजवीकडे सासवड रस्त्याला वळतात. हडपसरपर्यंत शहरच आहे, गर्दी नि भोंगे, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. उरुळी देवाची गेली की शेतं लागतात आणि डोळ्यांना बरं वाटतं. वडकीला दुपारचा विसावा. तिथं अर्धा तास आडवं व्हा, पाय पिशवीवर उंच ठेवून. लाजू नका, सगळेच तसे पडलेले असतात.

मग दिवे घाट. माउलींच्या रथाला इथं जादा बैलजोड्या जुंपतात. खाली मस्तानी तलाव, वर वळणावळणानं चढत गेलेल्या पताका. बघण्यासारखं आहेच, नाही कशाला म्हणू? पण घाटात सावली नसते आणि कडेला उभं राहून फोटो काढणाऱ्यांमुळे दिंड्यांची चाल तुटते. फोटो एक काढा आणि पुढे सरका.

आता तुमच्या मैत्रिणीबद्दल. घाटमाथ्यावरून पुण्याची पुष्कळ हौशी मंडळी परत फिरतात. पहिल्या वर्षी मीही वळणारच होते. झेंडेवाडीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला बसले होते, बुटांच्या नाड्या सैल करून. परभणीकडच्या एक आजी डोक्यावर तुळस घेऊन आल्या. मला बघून म्हणाल्या, “उठ गं बाय, बसलीस की गुडघा आखडतो.” आणि हातावर शेंगदाणे ठेवून पुढे गेल्या. मी उठले, कारण लाज वाटली. त्यांचं वय माझ्या आईएवढं.

तिथून सासवड आठेक किलोमीटर, बहुतेक सपाट. आणि दिवसातलं सगळ्यात कठीण चालणं हेच! फोटो काढावा असं काही नाही, पोटऱ्या दगड झालेल्या, ऊन उतरतंय आणि पुढची दिंडी तोच अभंग परत घेतेय. त्या तालावर पाय आपोआप पडायला लागतात. मला वारी कळली असेल तर ती या आठ किलोमीटरांत. म्हणून घाटावरून फिरू नका. मैत्रिणीला फिरायचं असेल तर फिरू दे.

दिंडीत नाव नसेल तरी चालतं. अशा लोकांना ‘मोकळा समाज’ म्हणतात. फक्त दिंडीच्या ओळीत मध्येच घुसू नका आणि वीणेकऱ्याच्या पुढे जाऊ नका. घाट त्या दिवशी वाहनांना बंद असतो, परतीच्या गाड्या बोपदेव घाटाने वळवतात, तेव्हा रात्र सासवडलाच काढलेली बरी.

प्रश्न : वारीसाठी भारी बूट घेतलेत, नवेकोरे. ठीक ना? — एक वाचक, नगर

उत्तर : नाही. महिनाभर रोज घालून दहा-दहा किलोमीटर चाला, नाहीतर घरातल्या झिजलेल्या चपला घाला. बोटांच्या बेचक्यात आणि टाचेला व्हॅसलीन चोळा, मोजे भिजले की लगेच बदला. फोड आलाच तर वरची कातडी सोलू नका. वारकरी त्यातून सुई-दोरा काढतात. मी नर्स म्हणून सांगते, सुई कितीही भाजून घेतली तरी दोरा आत ठेवू नका. स्वच्छ पट्टी बांधा आणि पुढे चला.

प्रश्न : मी देव मानत नाही, घरी आरतीलाही उभा राहत नाही. चाललो तर ढोंग होईल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : वाटेत तुम्हाला हे कुणी विचारणार नाही. सगळे ‘माउली’ म्हणतील, एखादा पोरगा कपाळाला गंध लावेल. नको असेल तर नको म्हणा, तो रागावणार नाही.

मात्र सासवडच्या तळावर संध्याकाळची समाज आरती चुकवू नका. हजारो माणसं, टाळांचा नुसता कल्लोळ. चोपदारांनी दंड उंचावला की क्षणात चिडीचूप! माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत एकाही वॉर्डात अशी शांतता मी पाहिली नाही. मग दिवसभरात हरवलेल्या, सापडलेल्या वस्तू पुकारतात. त्या पहिल्या वर्षी वडकीला विसाव्यात माझी पिशवी गेली होती. चष्मा, साखरेची पुडी, सगळं त्यात. आशा सोडून दिली होती. तळावर उभी होते नि ऐकू आलं, “निळी पिशवी, आत चष्मा आणि एक केळं.” कोणी उचलून सोळा-सतरा किलोमीटर वाहून आणली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. चष्मा शाबूत होता. केळं तेवढं चेपलं होतं, पण एकादशी होती, खाल्लं.