संयुक्त राष्ट्रांच्या वार्षिक हवामान परिषदेत ठरणाऱ्या पैशातून आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या खाडीकाठाला (दिवा, कळवा, ऐरोली) काही मिळतं का?

थेट महापालिकेच्या तिजोरीत काही येत नाही, पण प्रस्ताव नीट बांधला तर वाट आहे. विकसनशील देशांचा तिथला मुख्य आग्रहच हा असतो की अनुकूलनासाठी, म्हणजे हवामानबदलाच्या फटक्यांना तोंड देण्याच्या तयारीसाठी, अनुदान द्या, कर्ज नको. सौर प्रकल्प वीज विकून कर्ज फेडतो. भरतीचं पाणी अडवणारी दारं किंवा कांदळवन एक रुपया कमावत नाही, म्हणून खासगी पैसा तिकडे फिरकत नाही. २०२४ मध्ये बाकूला (अझरबैजान) झालेल्या परिषदेत विकसनशील देशांनी वर्षाला १.३ लाख कोटी डॉलर मागितले. श्रीमंत देशांनी पत्करले वर्षाला ३०० अब्ज, तेही २०३५ पर्यंत गाठायचे आणि खासगी गुंतवणूक त्यातच धरून. भारताने तिथेच जाहीर नापसंती नोंदवली.

आता वाट. विकसनशील देशांना हवामानाच्या कामांसाठी पैसा देणाऱ्या आंतरराष्ट्रीय हरित हवामान निधीकडे पालिका स्वतः अर्ज करू शकत नाही. नाबार्डसारखी मान्यताप्राप्त संस्था आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचं ना-हरकत पत्र, दोन्ही लागतं. प्रस्ताव अडतो तो बहुधा एकाच प्रश्नावर: यात हवामानबदलाचा वाटा किती? अरुंद नाला, न काढलेला गाळ, खाडीत केलेला भराव हे आपलंच कर्तृत्व. त्याला हा निधी नाही. म्हणून तासागणिक पाऊस, भरतीची उंची आणि नाल्यातली पातळी अनेक वर्षांसाठी एकाच तक्त्यात मांडा. भरतीच्या वेळी नाला उलटा वाहतो हे त्यात दिसलं पाहिजे.

मात्र काँक्रीटच्या भिंतीची आशा धरू नका. २०१८ मध्ये याच निधीने मंजूर केलेल्या, महाराष्ट्राचा किनाराही असलेल्या प्रकल्पात भर आहे तो कांदळवनं आणि किनाऱ्यावरच्या लोकांच्या उपजीविकेवर.