नव्या सभासदास : वाचनालयाच्या कामात कोठून सुरुवात करावी

वाचनालयाच्या कार्यक्रमांत सहभागी होण्याची तुमची इच्छा आहे, तर व्यासपीठापासून नव्हे, ग्रंथपालांच्या टेबलापासून सुरुवात करावी, असे मी सुचवीन. आपल्यासारख्या ‘ड’ वर्गातील, म्हणजे शासनाच्या अ ते ड या वर्गवारीतील शेवटच्या वर्गातील, वाचनालयाला शासनाचे अनुदान सर्वांत कमी मिळते आणि ग्रंथपाल बहुधा एकटेच असतात. त्यामुळे दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद ठेवणारी वही) लिहिणे, फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे चढविणे अशा कामांसाठी तुम्ही आठवड्यातून एखादी संध्याकाळ दिलीत, तर गावात कोण काय वाचते हेही आपोआप समजेल.

१५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन मात्र विचारपूर्वक आखावा लागतो, कारण त्या सुमारास आपल्याकडे सोयाबीनची सोंगणी व मळणी चालू असते, कापसाचा वेचाही तोंडावर आलेला असतो, आणि सकाळी अकराला ठेवलेल्या कार्यक्रमास शाळेने पाठविलेली मुले व सत्कारमूर्ती यांखेरीज फारसे कोणी येत नाही. (सत्कार कमी करावेत, हे माझे जुने मत आहे.) तो रात्री जेवणानंतर मंदिराच्या पारावर ठेवावा व शेतकऱ्यांनाच एकेक उतारा वाचावयास द्यावा.

२७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनी वृद्ध स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घ्याव्यात आणि त्या वऱ्हाडीतच, शुद्ध न करता, उतरवून ठेवाव्यात. वार्षिक सर्वसाधारण सभेलाही अवश्य बसावे. जमाखर्च तेथेच वाचला जातो.