अर्जात आपले संशोधन-प्रावीण्य कसे मांडावे

भारतीय इतिहास अनुसंधान परिषदेच्या कनिष्ठ अधिछात्रवृत्तीसाठी तुम्ही पाठवलेला मसुदा वाचला. त्यात प्रावीण्य म्हणून 'मराठ्यांचा इतिहास' एवढेच लिहिले आहे. ते तुमचे क्षेत्र झाले. प्रावीण्य सांगायचे तर कोणती साधने, कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या प्रश्नासाठी तुम्ही हाताळू शकता, हे लिहावे लागेल.

'मोडी येते' हे विधानही अपुरे आहे, कारण शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन मोडीची वळणे वेगळी आहेत आणि मोडीचे प्रमाणपत्र असणाऱ्यालाही पेशवे दफ्तरातील घाईने लिहिलेले हिशेब सहज वाचता येतातच असे नाही. त्याऐवजी असे लिहा: 'पुणे पुरालेखागारातील पेशवे दफ्तराचे रुमाल मी मुळातून वाचतो, गावांच्या ताळेबंदांतून दुष्काळातील महसूल-सुटीची नोंद वेगळी काढतो आणि शुहूर सनाचे इसवी सनात रूपांतर करतो.' (रुमाल म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे; शुहूर सन म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत अरबी संख्याशब्दांनी लिहिली जाणारी कालगणना.) 'सबैन मया व अलफ' (सत्तर, शंभर आणि हजार) म्हणजे शुहूर सन 1170, अर्थात इसवी 1769-70, हे ज्याला कळते त्याची तयारी परीक्षकाला लगेच दिसते. (हे रूपांतर अर्जातही तपासूनच द्या, तिथली चूक फार महागात पडते.)

फारसी कागद तुम्ही अनुवादातून वाचत असाल तर तसे स्पष्ट लिहावे. मार्गदर्शकांचे प्रावीण्य मात्र आपल्या परिच्छेदात आणू नका.